क्लास निवडायचाय? लोकप्रियतेचा आकडा आधी नीट वाचा

नवा ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळ सुरू केला की तो तुम्हाला काही दाखवायच्या आधीच सर्वांत मोठा निर्णय मागतो: क्लास, म्हणजे तुमच्या पात्राचा प्रकार, कोणता? समोर नऊ, तेरा, कधी वीसहून जास्त चित्रं असतात आणि प्रत्येकाखाली कुणालाही शोभेल असं दोन ओळींचं कौतुक. मग माणूस शोधायला जातो, "सगळ्यात जास्त लोक काय खेळतात?" गोंधळ इथूनच सुरू होतो. या प्रश्नाला चार ठिकाणी चार वेगळी उत्तरं मिळतात आणि चारही आपापल्या जागी खरी असतात.

हे खेळ मी बरीच वर्षं खेळतोय आणि गिल्डमध्ये (खेळाडूंच्या संघात) येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक नव्या माणसाने मला हाच प्रश्न विचारलाय. माझं मत आधीच सांगून टाकतो. लोकप्रियता जरूर बघा, पण कोणता क्लास चांगला हे ती सांगत नाही. ती फक्त गर्दी कुठे आहे ते सांगते. गर्दी का आहे आणि तिचा तुम्हाला उपयोग आहे की त्रास, हे आपलं आपल्यालाच काढावं लागतं. ते कसं काढायचं, त्यासाठी हा लेख.

आधी हाताशी काय हवं

- खेळाचं मोफत चाचणी खातं, असेल तर.
- क्लासची अधिकृत यादी आणि शेवटच्या दोन-तीन पॅचच्या, म्हणजे खेळात केलेल्या बदलांच्या, नोंदी.
- लोकप्रियतेचे किमान दोन वेगळ्या प्रकारचे आकडे. एकाच प्रकारचे दोन चालणार नाहीत. का, ते तिसऱ्या पायरीत येईल.
- तुमचा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणारा वेळ. बहुतेक खेळांत सेटिंगमध्ये किंवा स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसतो. संध्याकाळी, म्हणजे तुम्ही खरोखर खेळणार त्या वेळी, बघा.
- ज्यांच्याबरोबर खेळणार आहात त्या मित्रांची यादी आणि कोण काय खेळतं याची माहिती.

व्हिडिओ आणि टिअर लिस्ट (ताकदीनुसार क्लास लावलेल्या याद्या) मी मुद्दामच या यादीत घातलेल्या नाहीत. त्या नंतर बघा.

## १. आधी भूमिका, मग क्लास

क्लासची कल्पना संगणकाच्या आधीची. १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलावर खेळायचा खेळ आला, तेव्हा त्यात तीनच क्लास होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. १९९९ च्या एव्हरक्वेस्टपर्यंत ऑनलाइन खेळांत त्यातून कामाची पक्की वाटणी तयार झाली होती. मार अंगावर घेणारा टँक, सगळ्यांना जिवंत ठेवणारा हीलर आणि शत्रूला मारणारा डॅमेजवाला, म्हणजे डीपीएस. नंतरच्या बहुतेक खेळांनी हीच वाटणी उचलली. सगळ्यांनी नाही. १९९७ च्या अल्टिमा ऑनलाइनमध्ये क्लासच नव्हते, जे कौशल्य वापराल ते वाढायचं. गिल्ड वॉर्स २ हा २०१२ मध्ये आला तोच मुळी ठरावीक हीलरची गरज नाही असं सांगत.

तुमच्या खेळात ही वाटणी असेल, तर वॉरियर (लढवय्या) की मेज (जादूगार) या प्रश्नाच्या आधी स्वतःला विचारा: गटात असताना मला कुठे बघत बसायला आवडेल? टँकची नजर शत्रूवर आणि वाटेवर असते, हीलरची साथीदारांच्या आयुष्याच्या पट्ट्यांवर, डीपीएसची स्वतःच्या बटणांवर आणि पायाखालच्या आगीवर. तिन्ही कामांचा थकवा वेगळा आहे. दिवसभर लोकांच्या अडचणी सोडवून आलेल्या माणसाला संध्याकाळी पुन्हा चार जणांना सांभाळायचं नसतं. उलट काही जणांना नेमकं तेच आवडतं.

इथला सापळा: "टँक घे, लगेच गट मिळतो." मिळतो, हे खरं. पण बहुतेक डंजनमध्ये, म्हणजे गटाने लढत पार करायच्या बंदिस्त जागेत, कुठून जायचं आणि एका वेळी किती शत्रू ओढायचे हे टँकनेच ठरवायचं अशी सगळ्यांची अपेक्षा असते. ज्याने डंजन एकदाही बघितलेलं नाही त्याला अनोळखी लोकांसमोर हे करावं लागतं. रांग वाचवायला म्हणून टँक झालेले आणि दोन आठवड्यांत खेळ सोडून गेलेले लोक मी बरेच पाहिलेत. नेतृत्वाची हौस असेल तर मात्र याच्यासारखं काम नाही.

## २. खेळ तुम्हाला क्लासशी किती बांधून ठेवतो ते तपासा

ही पायरी लोक सोडून देतात. खरं तर निवडीचं दडपण किती घ्यायचं हे इथेच कळतं.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये क्लास कॅरेक्टरला कायमचा चिकटतो. बदलायचा तर नवं कॅरेक्टर. पण एका क्लासच्या आत स्पेक, म्हणजे त्याच्या उपशाखा, बदलता येतात आणि इथे क्लासाक्लासांत मोठा फरक आहे. मेज, हंटर, वॉरलॉक यांचे सगळे स्पेक डॅमेजचेच. पॅलाडिन आणि मंक तिन्ही भूमिका करू शकतात. ड्रुइडला तर चार स्पेक आहेत: टँक, हीलर, जवळून मारणारा आणि लांबून मारणारा. भूमिका ठरत नसेल तर असा क्लास घेणं शहाणपणाचं.

फायनल फँटसी १४ मध्ये प्रश्नच वेगळा. तिथे एकच कॅरेक्टर सगळे जॉब (तिथले क्लास) शिकू शकतं. हातातलं शस्त्र बदललं की जॉब बदलतो. लेव्हल मात्र प्रत्येक जॉबची वेगळी चढवावी लागते. म्हणून तिथे पहिल्या निवडीवर आठवडा घालवू नका, अर्धा तास पुष्कळ झाला.

द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन मधल्या वाटेवर आहे. क्लास ठरलेला असतो, पण कुठलंही शस्त्र आणि कुठलंही चिलखत कुणालाही चालतं, आणि कुठल्याही क्लासने टँक, हीलर किंवा डीपीएस होता येतं. पाथ ऑफ एक्झाइलमध्ये पॅसिव्ह, म्हणजे आपोआप लागू राहणाऱ्या, कौशल्यांचं प्रचंड झाड सगळ्यांना एकच. क्लासमुळे फक्त सुरुवात त्या झाडाच्या कुठल्या कोपऱ्यातून होणार आणि पुढे कुठली खास शाखा मिळणार एवढं ठरतं. अशा खेळात "कुठला क्लास लोकप्रिय" यापेक्षा "कुठला बिल्ड (कौशल्यं आणि साहित्याची जुळणी) लोकप्रिय" हा प्रश्न विचारा.

## ३. आकडा कुणी, कुठे मोजला ते बघा

आता मुख्य भाग. लोकप्रियतेचे आकडे साधारण चार जागांहून येतात आणि प्रत्येकाची चूक वेगळ्या दिशेची असते.

अ) कॅरेक्टरची मोजणी. खेळातल्या सगळ्या कॅरेक्टरची शिरगणती. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या सुरुवातीच्या काळात काही ॲडऑन (खेळाला जोडायचे छोटे प्रोग्राम) ही शिरगणती करत. त्या वेळी ऑनलाइन असलेल्यांची यादी मागवायची एक आज्ञा खेळात होती. ती एका वेळी पन्नासच्या आसपासच नावं द्यायची आणि तीही फक्त आपल्या पक्षाची. म्हणून ॲडऑन लेव्हल, वंश, क्लास असे तुकडे पाडून पुन्हा पुन्हा विचारत बसायचं. चिकाटीचं काम होतं, पण त्यातून मोजली जायची कॅरेक्टरं, माणसं नव्हेत. एकाच माणसाची पाच कॅरेक्टरं असतात. त्यातलं एक सामान साठवायला, एक दहाव्या लेव्हलला कंटाळून सोडलेलं. सुरुवातीला सोपे वाटणारे आणि दिसायला आकर्षक क्लास या मोजणीत नेहमी फुगलेले दिसतात. म्हणून शक्य असेल तर कमाल लेव्हलच्या, अलीकडे खेळलेल्या कॅरेक्टरांचा आकडा शोधा.

आ) रेडचे लॉग. रेड म्हणजे मोठ्या गटाने लढायची कठीण लढाई. गटातला एक जण लढाईची नोंद वॉरक्राफ्ट लॉग्जसारख्या ठिकाणी चढवतो आणि पूर्ण गट मोजला जातो. हा आकडा निदान खेळणाऱ्या माणसांचा असतो. पण नोंद चढवणारे गट मुळात गंभीरपणे खेळणारे. तुमच्यासारखा नवा, एकट्याने क्वेस्ट (खेळाने दिलेली कामं) करत फिरणारा माणूस यात दिसतच नाही.

इ) वरच्या टोकाच्या क्रमवाऱ्या. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये २०१६ पासून मिथिक प्लस आहे. पाच जणांचं डंजन, घड्याळ लावलेलं, आणि कठीणपणा एकेक पायरीने वाढतच जातो, त्याला वर मर्यादा नाही. अशा स्पर्धेत अगदी वरच्या गटांना छोटासा फरकही पुरतो, म्हणून ते सगळे जवळपास त्याच क्लासची जुळणी घेतात. त्यावरून टिअर लिस्ट बनतात. मग खालच्या पायऱ्यांवरचे लोकही तीच जुळणी मागायला लागतात, जिथे त्या फरकाने काहीही बिघडत नसतं. नव्या माणसासाठी हा आकडा सर्वांत निरुपयोगी, आणि नेमका हाच सर्वांत जास्त फिरतो.

ई) मतदान आणि व्हिडिओंचे व्ह्यू. ज्या क्लासमध्ये नुकताच बदल झाला, जो खेळायला अवघड आहे किंवा ज्याचे खेळाडू रागावलेले आहेत, त्याची चर्चा जास्त. चर्चा जास्त म्हणजे खेळाडू जास्त असं मुळीच नाही. साधा, सरळ क्लास लोक गुपचूप खेळत असतात, त्यांना काही विचारायचंच नसतं.

हे झालं कुठे मोजलं त्याबद्दल. आता छेद काय आहे तेही बघावं लागतं, म्हणजे टक्का कशाच्या तुलनेत जास्त किंवा कमी. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये तेरा क्लास. सगळे सारखे वाटले गेले तर प्रत्येकाच्या वाट्याला ७.७ टक्के येतात. त्यामुळे "फक्त ८ टक्के लोक हा क्लास खेळतात" हे वाक्य ऐकून वाईट वाटून घेऊ नका. ८ टक्के म्हणजे सरासरीपेक्षा जास्त.

भूमिका मोजणीत आल्या की हिशोब आणखी फसवा होतो. फायनल फँटसी १४ चं उदाहरण घेऊ. २०२४ च्या विस्तारानंतर, म्हणजे खेळात पडलेल्या मोठ्या नव्या भरीनंतर, तिथे, मर्यादित जॉब सोडून, लढाईचे २१ जॉब झाले: ४ टँक, ४ हीलर आणि १३ डीपीएस. रेड आठ जणांची. त्यात २ टँक, २ हीलर, ४ डीपीएस. म्हणजे टँकच्या जागा २५ टक्के आणि त्या चार जॉबमध्ये वाटायच्या, प्रत्येकी सरासरी ६.२५ टक्के. डीपीएसच्या जागा ५० टक्के, पण वाटेकरी तेरा. प्रत्येकी ३.८५ टक्के. आता लॉगमध्ये एखादा टँक जॉब ६ टक्के आणि एखादा डीपीएस जॉब ५ टक्के दिसला, तर जास्त लोकप्रिय कोण? वरवर टँक. प्रत्यक्षात तो आपल्या भूमिकेत सरासरीच्या खाली आहे आणि डीपीएस जॉब बराच वर. खुर्च्याच तेवढ्या मांडल्यात म्हणून टँकचा आकडा मोठा दिसतो.

यावरून नियम असा, की क्लासची तुलना त्याच भूमिकेतल्या क्लासशीच करा. हे गणित कागदावर दोन मिनिटांचं आहे आणि निम्म्या टिअर लिस्टपेक्षा जास्त सांगून जातं.

## ४. लोकप्रिय का आहे, ते कारण शोधा

आकडा बरोबर वाचला तरी त्यामागचं कारण तुमच्या कामाचं असेलच असं नाही. नेहमी भेटणारी कारणं सांगतो.

एकट्याने निभावतं म्हणून. पाळीव प्राणी घेऊन फिरणारा हंटर हे याचं ठळक उदाहरण. प्राणी मार खातो, तुम्ही लांबून बाण मारता, चूक झाली तरी जीव वाचतो. बहुसंख्य लोक बहुतेक वेळ एकट्यानेच खेळतात, त्यामुळे अशा क्लासकडे ओढा राहणारच. नव्या माणसासाठी लोकप्रियतेचं हे सर्वांत प्रामाणिक कारण. तुमच्याही उपयोगाचं.

नवा आहे म्हणून. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये डेथ नाइट आला. त्याची सुरुवातच थेट ५५ व्या लेव्हलपासून, अट एवढीच की तुमचं आधीचं एखादं कॅरेक्टर त्या लेव्हलला पोचलेलं असावं. चोपन्न लेव्हलची पायपीट वाचते म्हटल्यावर कोण सोडणार? जिकडे बघावं तिकडे डेथ नाइट. नव्या क्लासची गर्दी अशीच येते आणि काही महिन्यांत ओसरते. विस्तार आल्या आल्या पाहिलेल्या आकड्यावर विसंबू नका.

अटींमुळे. २००४ मध्ये त्याच खेळात पॅलाडिन फक्त अलायन्स या पक्षाला आणि शामन फक्त विरोधी होर्ड या पक्षाला मिळायचा. ही भिंत २००७ च्या पहिल्या विस्तारात पडली. २०२२ मध्ये आलेला इव्होकर एकाच वंशाला मिळतो, तेव्हा ज्याला तो वंश दिसायला आवडत नाही तो क्लासही घेत नाही. असे आकडे क्लासच्या दर्जाबद्दल काहीच बोलत नाहीत.

लोकांना नंतर उमगलं म्हणून. मला सर्वांत मजेदार वाटणारं कारण हे. २०१९ मध्ये जुन्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टची क्लासिक आवृत्ती पुन्हा सुरू झाली. क्लास तेच नऊ. पण मधल्या पंधरा वर्षांत खेळाडूंनी हिशोब मांडून ठेवले होते. वॉरियर लेव्हल चढवताना रडवतो, चांगलं गिअर (शस्त्र-चिलखत) आणि बफ (तात्पुरती वाढीव ताकद) मिळाले की मात्र रेडमध्ये सगळ्यांच्या पुढे जातो, हे आता प्रत्येकाला पहिल्या दिवशी माहीत होतं. परिणामी चाळीस जणांच्या रेडमध्ये डॅमेजसाठी वॉरियरांच्या रांगा लागल्या. खेळ बदलला नव्हता, खेळणाऱ्यांना असलेली माहिती बदलली होती. आणि यातली मेख बघा: त्या गर्दीकडे पाहून ज्या नव्या माणसाने वॉरियर घेतला, त्याच्या वाट्याला आधी साठ लेव्हलची एकाकी रखडपट्टी आली. शेवटाला लोकप्रिय असलेला क्लास सुरुवातीला सुखाचा असेलच असं नाही.

दिसण्यामुळे. याला कुणी कारण मानत नाही, पण शेकडो तास तुम्ही त्या कॅरेक्टरची पाठ बघणार आहात. चिलखत, शस्त्र, जादूचा रंग, चालण्याची ढब आवडली म्हणून क्लास घेतला तर तो निर्णय उथळ ठरत नाही. मी तर म्हणेन, ताकदीच्या आकड्यांपेक्षा हे कारण जास्त टिकतं.

## ५. गर्दीत आपली जागा काय असेल

समजा तुम्हाला जो क्लास आवडलाय तो खूप लोकप्रिय आहे. तोटा कुठे होईल?

*रांग.* वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या डंजनमध्ये एका टँकमागे तीन डीपीएस लागतात, फायनल फँटसी १४ च्या चार जणांच्या गटात दोन. डीपीएस व्हायची इच्छा असणारे मात्र याहून कितीतरी जास्त, म्हणून त्यांची रांग लांब. खेळ बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. २००९ च्या डिसेंबरमध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये आपोआप गट जुळवणारी सोय आली आणि २०११ पासून ज्या भूमिकेची टंचाई असेल तिला जास्तीचं बक्षीस मिळू लागलं. फायनल फँटसी १४ च्या रूलेटमध्येही (आपोआप गट जुळवून एखादं डंजन देणाऱ्या सोयीत) गरज असलेली भूमिका दाखवतात आणि तिला बोनस देतात. हे चिन्ह आठवडाभर, तुमच्या खेळण्याच्या वेळी, रोज बघा. कुठल्याही बाहेरच्या आकड्यापेक्षा तुमच्या सर्व्हरची खरी स्थिती तिथे दिसते.

*भूमिकेतले पर्याय.* लॉस्ट आर्क २०२२ मध्ये जगभर खुला झाला तेव्हा त्यात १५ क्लास होते. त्यांतले सपोर्ट म्हणावेत असे दोनच, बार्ड आणि पॅलाडिन. चार जणांच्या गटात एक सपोर्ट हवा, म्हणजे जागा २५ टक्के आणि पंधरातले क्लास दोन. सपोर्टची टंचाई होणं ठरलेलंच होतं. तुमच्या खेळाचं असंच गणित मांडून बघा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये तेरापैकी सहा क्लास टँक होऊ शकतात, तरी टँक कमी पडतात. तिथे कारण क्लासची संख्या नसून कामाची जबाबदारी आहे.

*लूट.* एकाच प्रकारचं चिलखत वापरणारे लोक एकाच वस्तूवर डोळा ठेवून असतात. मेज, प्रीस्ट आणि वॉरलॉक तिघेही कापडाचं चिलखत घालतात. गटात आधीच चार जण कापडवाले असतील तर पाचवे होण्याआधी विचारून घ्या.

*क्लासची खास देणगी.* काही क्लास पूर्ण गटाला बफ देतात: मेजचा बुद्धीचा, प्रीस्टचा आयुष्य वाढवणारा, वॉरियरचा हल्ल्याचा. असा बफ गटाला एकदाच लागतो. म्हणून त्या क्लासच्या पहिल्या माणसाला आग्रहाचं निमंत्रण असतं आणि तिसऱ्याला स्वतःच्या बळावर जागा मिळवावी लागते. मित्रांची यादी इथे कामाला येते. जगात कितीही मेज असोत, तुमच्या गटात एकही नसेल तर तुमच्यासाठी तो दुर्मीळ क्लास आहे.

गर्दीचा फायदाही सांगायला हवा. लोकप्रिय क्लासची माहिती भरपूर मिळते, मार्गदर्शक ताजे असतात, बग लवकर सापडतात आणि शंका विचारली की उत्तर देणारे असतात. दुर्मीळ क्लासचा एकमेव चांगला मार्गदर्शक तीन पॅच जुना असू शकतो.

## ६. दोन-तीन क्लास खेळून बघा, पण पद्धतशीर

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट विसाव्या लेव्हलपर्यंत मोफत खेळता येतो. फायनल फँटसी १४ ची मोफत चाचणी २०२३ पासून सत्तराव्या लेव्हलपर्यंत जाते आणि तिच्यात पहिले दोन विस्तारही येतात. गिल्ड वॉर्स २ चा मूळ खेळ २०१५ पासून मोफत आहे. त्यात आणखी एक सोय आहे: खेळाडू-विरुद्ध-खेळाडू विभागात शिरलात की कॅरेक्टर तेवढ्यापुरतं थेट ऐंशीव्या लेव्हलचं होतं, त्यामुळे तिथल्या पुतळ्यांवर क्लास पूर्ण शस्त्रांनिशी तपासता येतो.

सापळा: फायनल फँटसी १४ मध्ये मोफत खातं एकदा पूर्ण खात्यात बदललं की त्याच खात्यावर मोफत चाचणीकडे परत जाता येत नाही. सवलत दिसली म्हणून घाईने खरेदी करू नका. मोफत खात्याला बाजारात खरेदी-विक्री आणि स्वतः गट तयार करणं जमत नाही, पण क्लास जोखायला ते पुरेसं आहे.

खेळून बघताना प्रत्येक क्लासवर त्याच चार गोष्टी करा. एक, एका वेळी तीन शत्रूंशी लढा आणि निम्म्यात पळून जायचा प्रयत्न करा. दोन, डंजन किंवा गटाची एखादी लढाई करा. तीन, लांबचा प्रवास करा. प्रत्येक क्लासचा वेग आणि सुटकेच्या युक्त्या वेगळ्या असतात, आणि खेळाचा मोठा भाग नुसता चालण्यात जातो. चार, शेवटी दमलेले असताना अर्धा तास खेळा. शेवटची परीक्षा सर्वांत खरी. ताजेतवाने असताना सगळेच क्लास बरे वाटतात.

पिंगकडेही बघा. फायनल फँटसी १४ मध्ये दोन मुख्य फटक्यांत मुळात अडीच सेकंदांचं अंतर असतं, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये दीड सेकंदाचं. अडीच सेकंद निवांत वाटतील, पण काही जॉब त्या फटीत आणखी दोन कौशल्यं कोंबायला लावतात. सर्व्हर लांब असेल तर दुसरं कौशल्य पुढच्या फटक्याला उशीर करतं आणि पूर्ण लय बिघडते. तेव्हा दोष तुमचा नसतो. अशा वेळी दीर्घ मंत्र म्हणणारा किंवा कमी घाईचा जॉब निवडा.

आणि खालच्या लेव्हलवर क्लास कंटाळवाणा वाटला तर लगेच सोडून देऊ नका. बरेच क्लास अर्ध्या वाटेपर्यंत तीनच बटणांचे असतात. त्याच क्लासचा कमाल लेव्हलवरचा, बोलणं नसलेला, नुसता खेळ दाखवणारा एखादा व्हिडिओ बघा. व्हिडिओंचा उपयोग इथे आहे.

## ७. पॅच आला, मेटा बदलला, आता?

मेटा, म्हणजे त्या वेळी सर्वांत प्रभावी मानली जाणारी निवड, बदलणारच आहे. आज सगळ्यात ताकदवान असलेल्या क्लासकडे लोक धावतात, पुढच्या पॅचमध्ये तो नर्फ होतो, म्हणजे मुद्दाम कमजोर केला जातो, लोक दुसरीकडे धावतात. नव्या माणसाला कमाल लेव्हल आणि बरं गिअर मिळेपर्यंत एक-दोन पॅच होऊन जातात, म्हणजे तो कायम मागच्या महिन्याच्या मेटाच्या मागे पळत असतो.

पॅचच्या नोंदी वाचताना दोन प्रकार वेगळे करा. "डॅमेज चार टक्क्यांनी कमी" हा आकड्याचा बदल. त्याकडे दुर्लक्ष करा, पुढे पुन्हा वाढतो. क्लासची चालण्याची पद्धतच बदलली तर मात्र थांबून विचार करा. २०१६ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या हंटरचा सर्व्हायव्हल स्पेक लांबून बाण मारायचा सोडून जवळून भाल्याने लढायला लागला. २०२१ मध्ये फायनल फँटसी १४ चा समनर मुळापासून नव्याने घडवला गेला, खूप सोपा झाला. जुन्या खेळाडूंतले काही निघून गेले, नवे भरपूर आले. अशा बदलानंतर लोकप्रियतेचे जुने आकडे आणि जुने मार्गदर्शक दोन्ही बाद समजा. नावं तीच राहतात, आतला क्लास वेगळा असतो.

## ८. तरीही क्लास बदलायचा असेल तर

बदला. पण जुनं कॅरेक्टर डिलीट करू नका. त्याने शिकलेले धंदे, साठवलेलं सामान, मिळवलेली पोशाखांची रूपं आणि वाहनं पुढच्या कॅरेक्टरला उपयोगी पडतात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये २०२४ च्या विस्तारापासून बरीच प्रगती पूर्ण खात्यात वाटली जाते, बँकही सामाईक मिळते, त्यामुळे दुसरं कॅरेक्टर पूर्वीपेक्षा खूप स्वस्तात उभं राहतं. गिल्ड वॉर्स २ च्या मोफत खात्यात मात्र कॅरेक्टरच्या दोनच जागा असतात. तिथे एक जागा प्रयोगासाठी मोकळी ठेवा आणि दुसरीवरच मनापासून खेळा.

पैसे देऊन मिळणारा लेव्हल बूस्ट पहिल्या क्लासला लावू नका. एकदम वर पोचलात की तीसेक बटणं एकाच दिवशी समोर येतात आणि त्यातलं कुठलं कशासाठी हे शिकवणारा टप्पाच राहून जातो. विस्ताराबरोबर बूस्ट फुकट मिळाला असेल तर तो तसाच ठेवा. पहिलं कॅरेक्टर पायी वर नेल्यावर, जो क्लास दुसरा हवा असं मनात पक्कं होईल, त्याच्यासाठी वापरा.

गिल्डमध्ये असाल तर बदलण्याआधी गिल्डच्या प्रमुखांना कळवा. रेडची जुळणी आठवडाभर आधी ठरते. हीलर म्हणून नाव दिलेला माणूस ऐन वेळी डीपीएस होऊन आला तर त्याला कुणी काढत नाही, पण त्या रात्री दुसऱ्या कुणालातरी नाइलाजाने हीलिंग करावं लागतं. साधारण दोन आठवडे आधी सांगितलं तर बहुतेक ठिकाणी नव्या कॅरेक्टरला गिअर मिळवून द्यायला लोक स्वतःहून मदत करतात.